गंधारचे कान

खोटं बोलणारी माणसं तेजाक्कांना नवी नव्हती. अठ्ठावीस वर्षं त्यांनी संसार केला होता, आणि नवरा विम्याचा एजंट होता. पण कानसुद्धा खोटं बोलू शकतात, हे मात्र त्यांना सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

नाव तेजस्विनी बेडगे. आता हे आजीबाईचं नाव वाटतं, पण त्यांच्या शाळेच्या वर्गात एकाच बाकावर तीन तेजस्विनी बसायच्या. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत हुसेनचाचांचं दुकान होतं. तिथं त्या एकोणिसाव्या वर्षी भोपळ्यांना रंग द्यायला म्हणून आल्या आणि जवारी शिकून बसल्या. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं गल्ली म्हणायची. म्हणेना का! पुढं त्याच गल्लीतली माणसं आपले मुके तंबोरे काखोटीला मारून त्यांच्याकडं यायची.

जवारी म्हणजे काय ते सांगायला हवं. तंबोऱ्याच्या चार तारा एका हाडाच्या घोडीवरून जातात. त्या घोडीची पाठ कानशीनं घासून तिला असा नाजूक उतार द्यायचा की तार नुसती वाजत नाही, त्या उतारावर थरथरते आणि झणझणते. एका तारेतून दहा सूर उठतात. खर्जाच्या तारेतून तर कुणी न छेडलेला गंधार आपसूक वर येतो. जवारी उघडली म्हणतात ती ही. केसभर जास्त घासलं की आवाज चरचरतो, केसभर कमी पडलं की जवारी बंद, तंबोरा मुका. आता हे काम यंत्रंही करतात, पण यंत्राचे सगळे तंबोरे एकाच घरातल्या जावांसारखे सारख्या तोंडानं बोलतात. ज्याला आपल्या गळ्यासारखा तंबोरा हवा, तो मिरजेला येतो.

चाचा एकदा चहा पिता पिता म्हणाले होते, "तेजू, ज्या दिवशी कान जाईल त्या दिवशी कानस खाली ठेवायची. बंद जवारीचा तंबोरा या दारातून बाहेर गेला, तर पुन्हा माझं नाव सांगायचं नाही."

"ठेवीन, चाचा. शब्द देते. पण कान गेलाय हे कळणार कसं?"

"तेवढंच तर अवघड आहे," असं म्हणून चाचांनी बशीतला चहा संपवला होता.

साठी उलटली आणि तेजाक्कांचा कान जायला लागला. माणसाचं बोलणं नीट ऐकू यायचं, कुकरची शिट्टी यायची. पण वयानुसार आधी जातात ते सगळ्यात वरचे, बारीक सूर, आणि जवारीचा जीव तर तिथंच असतो. कानात घालायचं यंत्र आणून बघितलं. ती यंत्रं माणसाच्या बोलण्यासाठी केलेली. तारेची झणझण त्यांना गोंगाट वाटायची आणि ती इमानदारीत पुसून टाकायची.

त्याच सुमाराला घरात खोकड आलं. म्हणजे खरं खोकड नव्हे. माळरानावरच्या खोकडाच्या वंशातून प्रयोगशाळेत तयार केलेली सोबत्यांची जात होती ती, एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी. मांजराएवढं अंग, झुपकेदार शेपूट, वीसेक वर्षांचं आयुष्य आणि हाताच्या पंजाएवढे कान. नवरा गेलेला, मुलगा ब्रिस्बेनला. मुलानंच पाठवलं. "मला काय करायचंय हे लचांड!" असं तेजाक्का दोन दिवस म्हणाल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याला दुकानात घेऊन गेल्या.

त्या दुपारी त्या एक घोडी अंदाजानंच घासत होत्या. तार छेडली, आणि खोकडाचे दोन्ही कान ताठ उभे राहिले. मग त्यांची टोकं हलकेच पुढं वळली, हात जोडावेत तशी. तेजाक्कांनी कानशीचे दोन हात जास्त फिरवून बघितलं तर कान पडले. दुसऱ्या घोडीवर पुन्हा तेच झालं. उघडली की कान उभे, बंद असली की आडवे. तेजाक्कांनी त्याला उचलून छातीशी धरलं. "अरे माझ्या सोन्या! तुला गंधार ऐकू येतो!" तेच त्याचं नाव पडलं.

पाच वर्षं त्या दोघांनी असं काम केलं. हात तेजाक्कांचे, कान गंधारचे. चाचांना दिलेला शब्द आता सुखरूप होता. हात बिघडला तर हे जनावर सांगेल, आणि त्याच दिवशी आपण कानस ठेवू, असं त्या निर्धास्तपणे म्हणायच्या.

त्याला बोलायला शिकवायची कल्पना नसीमची. नसीम ही चाचांची नात. वय बेचाळीस, डावखुरी, बोलायला मऊ. दुकान आता तिचं होतं. जवारी तीही करायची, पण अक्कांचा हात तो अक्कांचा हात, असं तीच गिऱ्हाइकांना सांगायची.

"अक्का, आत्ता तो फक्त हो की नाही एवढंच सांगतो. बोलायला लागला तर कुठं घासायचं, किती घासायचं तेही सांगेल."

तेजाक्कांना मोह झाला, आणि घरी संध्याकाळी बोलायला कुणी नव्हतं, हेही होतंच. त्या त्याला घेऊन सांगलीच्या डॉक्टर आवटींकडं गेल्या.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. तीन इंजेक्शनं द्यायची. त्यांतून जाणारं जनुक मेंदूतल्या ऐकण्याच्या भागाला पुढच्या, विचाराच्या भागाशी जोडणाऱ्या वाटा रुंद करतं, माणसाच्या तान्ह्या पोरात होतात तशा. घशाला बोलता येत नाही, म्हणून गळ्यात पट्टा. घशाचे स्नायू जे म्हणू पाहतात, ते पट्टा आवाजात म्हणतो. पुढं सहा महिने सतत त्याच्याशी बोलत राहायचं.

"एक आधीच सांगते, अक्का," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता याच्या ऐकण्यात आणि कान हलवण्यात मध्ये काही नाही. सूर आला, कान हलला. भाषा आली की मध्ये शब्द येऊन बसतील. बिनशब्दांच्या मेंदूला समोर आहे तेवढंच असतं. शब्द आले की समोर नसलेलंही दिसायला लागतं. काल, उद्या, जर-तर. आणि सगळ्यात आधी 'नाही'."

"म्हणजे हट्ट करेल?"

"हट्ट तर करेलच. पण दुसऱ्याच्या मनात काय चाललंय त्याचाही अंदाज बांधायला लागेल."

"मग बरंच की! आमच्या घरात इतकी वर्षं तो कुणी बांधला नाही."

पाचव्या महिन्यात गंधार पहिला शब्द बोलला. "तार." त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले गेले. मग हळूहळू वाक्यं आली, लहान पोरासारख्या पातळ आवाजात. "तिसरी तार. मागच्या बाजूला. दोन हात." तेजाक्का घासायच्या. "आता उघडली." काय सांगावं त्यांचं सुख! जणू स्वतःचाच कान परत मिळाला होता.

मग एक वाईट आठवडा आला. एक घोडी काही केल्या उघडेना. घासली, टाकली, दुसरी घेतली, तिसरी घेतली. गंधार म्हणायचा, "बंद." पुन्हा "बंद." तेजाक्कांच्या बोटांनाही आता कंप होता. त्या संध्याकाळी त्यांनी ताटातल्या भाकरीला हात लावला नाही. "संपलं वाटतं माझं," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. गंधार ताटाकडं बघत होता, मग त्यांच्या पाठीकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तिसऱ्या घोडीवर त्यांनी दोन हात फिरवले आणि तार छेडली.

"छान!" गंधार म्हणाला.

तेजाक्का त्याला मांडीवर घेऊन रडल्या. त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

तिथून पुढं सगळं सुरळीत चाललं. तंबोरे जात होते, कौतुकाचे निरोप येत होते. गंधारचे कान पूर्वीसारखे उभे राहत नाहीत, हे तेजाक्कांच्या लक्षात आलं होतं, नाही असं नाही. पण त्यांनी स्वतःचीच समजूत घातली. आता तोंडानं बोलतोय की, कान कशाला हलवील?

दीड वर्षानं धारवाडच्या एका गायिकेचा तंबोरा दुकानात आला. खुंटी सैल झाली होती, एवढंच. नसीम मंगळवेढ्याकडं भोपळे आणायला गेलेली. तेजाक्कांनी तारा उतरवल्या, घोडी सुटी केली. घोडीच्या पोटाला त्या तापल्या सुईनं एक ठिपका देतात, ती त्यांची खूण. ठिपका होता. सहज म्हणून त्यांनी घोडीच्या पाठीवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा थांबला.

कानशीच्या रेघा डोळ्यांना दिसत नाहीत, पण पन्नास वर्षं घासणाऱ्या अंगठ्याला कळतात. उजव्या हाताच्या रेघा एका अंगाला कलतात, डावखुऱ्याच्या दुसऱ्या. घोडी त्यांची होती, ठिपका त्यांचा होता. पाठ मात्र डाव्या हातानं घासलेली होती.

"गंधार, ही जवारी कुणाची रे?"

गंधारनं मान वर केली. त्यानं घोडीकडं बघितलंच नाही. तो तेजाक्कांच्या तोंडाकडं बघत होता.

"तुझी," तो म्हणाला. मग न विचारता आणखी म्हणाला, "छान आहे."

ते न विचारलेलं 'छान' तेजाक्कांना खुपलं. घोडी परत बसवली, तारा चढवल्या, आणि दुपार व्हायची वाट बघत राहिल्या.

जेवण झालं की गंधार भुशाच्या पोत्यावर, उन्हाच्या पट्ट्यात झोपायचा. त्याची झोप लागली, पोट संथ हलायला लागलं, तशा तेजाक्का उठल्या. झोपेत शब्द झोपत असतील, असं त्यांच्या मनात आलं होतं. भिंतीला त्यांचा नवा तंबोरा उभा होता. मागच्याच आठवड्यात त्याला 'छान' मिळालं होतं. महिनाअखेरीला चाचांची बरसी होती. दर बरसीला दुकानातला एक नवा तंबोरा पहिल्यांदा तिथं छेडायचा, अशी रीत, आणि यंदाचा मान या तंबोऱ्याचा. त्यांनी खर्ज छेडला. कान हलले नाहीत. पुन्हा छेडला. कान आडवेच.

मग त्यांनी धारवाडचा तंबोरा जवळ ओढला आणि खर्ज छेडला.

झोपलेल्या गंधारचे दोन्ही कान ताठ उभे राहिले. टोकं हलकेच पुढं वळली.

हातच्या कांकणाला आरसा कशाला! तेजाक्का तिथंच भुशात बसल्या. त्यांना रडू आलं नाही, राग आला. अंगाची लाही लाही झाली. ज्यांच्यावर मान टाकून निजले त्यांनीच केसानं गळा कापला, असं त्यांना वाटलं, आणि ते अगदी खरं होतं.

नसीम संध्याकाळी आली. पहिला भोपळा उतरवून आत येते तो तेजाक्का दारातच उभ्या.

"किती झाले, नसीम?"

"भोपळे? चाळीस आणलेत."

"माझे तंबोरे. माझ्या पाठीमागं किती घासलेस?"

नसीमनं भोपळा सावकाश खाली ठेवला.

"एकोणीस," ती म्हणाली.

"एकोणीस! आणि सगळ्यांवर माझा ठिपका!"

"अक्का, लोकांना आवडले ते..."

"तुझे आवडले! माझा एक तरी कुणी ऐकला का? मी इथं लोकांचे निरोप वाचून फुगत होते. हसत असशील मनात."

"आईशप्पत नाही, अक्का. तोंडावर सांगायची मला भीड पडली. झाकली मूठ झाकलेली राहू दे म्हटलं."

"भीड भिकेची बहीण असते. आणि मूठ माझी होती ना? ती झाकायला तुला कुणी सांगितलं?"

नसीमची नजर पोत्याकडं गेली.

"मी सांगितलं," गंधार म्हणाला.

तेजाक्का वळल्या. गंधार पोत्यावर नीट, शहाण्यासारखा बसला होता.

"मी 'बंद' म्हटलं. तू जेवली नाहीस. मी 'छान' म्हटलं. तू जेवलीस. पण तंबोरा बंदच होता. तो उद्या गेला असता तर लोक 'बंद' म्हणाले असते. मग तू पुन्हा जेवली नसतीस. म्हणून नसीमला सांगितलं, तू कर. अक्काला सांगू नको, हे पण सांगितलं."

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यात आलं होतं. काल होता, उद्या होता, जर-तर होतं, आणि 'सांगू नको'तलं नाही होतं. तेजाक्कांनीच सहा महिने घसा कोरडा करून शिकवलेले शब्द. बोलायला शिकवलं, तर आधी लपवायलाच शिकला की हा!

"अरे, मला तो दिवस हवा होता!" तेजाक्का ओरडल्या. "कान गेला तो दिवस. चाचांना शब्द दिला होता मी. त्या दिवशी कानस ठेवणार होते, मानानं. तेवढ्यासाठी तुला ठेवला होता. गोड बोलायला नव्हता ठेवला. गोड बोलायला अख्खी मिरज आहे!"

"तुझ्यासाठीच केलं," गंधार म्हणाला.

"माझ्यासाठी! माझ्यासाठी म्हणून जो तो माझंच काढून घेतो. चोर कुठले!"

नसीमच्या डोळ्यांना धार लागली होती. तेजाक्का तिच्याकडं बघायलाही तयार नव्हत्या. त्या गंधारपाशी गेल्या आणि बोट रोखून म्हणाल्या, "तोंडानं बोल तुला काय बोलायचं ते. पण आज दुपारी झोपेत तुझे कान खरं बोलले. एवढे दोन कान तरी तुझ्या शब्दांनी नासवले नाहीत अजून. तेवढेच माझे आहेत."

गंधार अगदी लक्ष देऊन ऐकत होता.

बरसीला अकरा दिवस राहिले होते. "मी करते तो तंबोरा," असं नसीम चाचरत म्हणाली. तेजाक्कांनी साफ नकार दिला. हा शेवटचा आपल्या हातानं उघडायचा. उघडला तर बरसीला जाईल, त्याच्यावर आपला ठिपका खरा असेल आणि मग कानस खाली. नाही उघडला तरी कानस खालीच. पण एक तरी खरा हवा. एकोणीस उसन्या तंबोऱ्यांनंतर एक स्वतःचा.

रोज दुपारी, गंधारची झोप लागली की त्या घोडीवर दोन हात फिरवायच्या. तारेखाली सुताचा जीव, म्हणजे झणझण जागी करणारा दोरा, सरकवायच्या, खर्ज छेडायच्या आणि कानांकडं बघायच्या. पहिल्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी काही नाही. नसीमला समोर उभं राहायची बंदी होती, कारण तिच्या तोंडावर विश्वास उरला नव्हता. गंधारला वेळेवर दूधभाकरी मिळायची, पण तेजाक्का त्याच्याशी अक्षर बोलायच्या नाहीत. "अक्का, बोल की," तो दोन-तीनदा म्हणाला. मग तोही म्हणायचा थांबला. संध्याकाळी तेजाक्का ताट निम्मं टाकून उठायच्या. तो ताटाकडं बघायचा.

नवव्या दुपारी त्यांनी एकच हात फिरवला, अगदी हलका. जीव सरकवला. खर्ज छेडला.

गंधारचे दोन्ही कान ताठ उभे राहिले. टोकं हलकेच पुढं वळली.

तेजाक्कांच्या हातातून कानस गळून पडली. "नसीम! अगं नसीम!" सगळी अढी विसरून त्या ओरडल्या. "ये, ये लवकर! उघडली! माझ्या हातानं उघडली!"

नसीम आतून धावत आली. तेजाक्का हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या भांडणानंतर पहिल्यांदाच त्यांनी नसीमचा हात धरला. "बोलू नकोस. तू काही बोलू नकोस. त्याचे कान बघ फक्त. झोपलाय बघ, गाढ. आता बघ हं."

त्यांनी तर्जनी खर्जाच्या तारेवर नेली. तेवढ्यात डोळ्यांत पाणी भरून आलं म्हणून त्या क्षणभर थांबल्या. बोट तारेपासून तीळभर दूर होतं.

गंधारचे कान उभे राहिले.

तेजाक्कांचं बोट तिथंच राहिलं. त्यांनी मान वाकवून नीट बघितलं. गंधारचं पोट संथ हलत होतं, पाय सैल पडले होते. एका डोळ्याची पापणी मात्र किंचित उघडी होती, आणि त्या फटीतून तो त्यांच्या बोटाकडं बघत होता.

"अक्का," नसीम हलकेच म्हणाली, "वाजवा की."

तेजाक्कांनी बोट मागं घेतलं. खाली पडलेली कानस उचलली, पदरानं तिचा भुसा पुसला आणि नसीमच्या डाव्या हातात दिली. मग भिंतीला धरत त्या आत निघून गेल्या.

तार वाजलीच नव्हती. उन्हाच्या पट्ट्यात गंधार तसाच पडून होता, आणि त्याचे कान उभेच होते.